वसिष्ठाच्या शेजारचा ठिपका

अलकाच्या लग्नात गुरुजींनी तिला भर दुपारी बरकतपुऱ्यातल्या हॉलच्या पोर्चमध्ये उभं केलं, उत्तरेकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "दिसली का अरुंधती?" उन्हाने डोळे दिपले होते, तिला साधी घारसुद्धा दिसली नाही. पण मागे पंगत खोळंबली होती आणि सासरची माणसं घड्याळं बघत होती. ती म्हणाली, "दिसली."

संसाराची सुरुवातच अशी धडधडीत खोट्याने झाली, मग सवय लागली. शाळेतली नोकरी सोडताना ती म्हणाली, मलाच कंटाळा आला होता. सासूबाईंच्या लांबलेल्या आजारपणात म्हणाली, मला कसला त्रास! किशोररावांना हे सगळं खरं वाटलं. सोयीचं ते खरं मानण्यात या माणसाचा हात धरणारा अख्ख्या तारनाक्यात कोणी नव्हता.

मुलगा चिन्मय नोकरीसाठी बंगळूरला गेला, तेव्हा त्याचा चांगला कॅमेरा आणि लांब लेन्स घरीच राहिली. अलकाने आधी कुंडीतली फुलं टिपली, मग पोपट, आणि एका संध्याकाळी गच्चीवरून शुक्र. तेव्हापासून ती वरचीच झाली. रस्त्यावरच्या दिव्याचा झोत अडवायला तिने पाण्याच्या टाकीपासून दोरी बांधून काळं ब्लँकेट टांगलं. स्टँड हलू नये म्हणून त्याला विटांची पिशवी अडकवली. बटण दाबल्यावरही कॅमेरा थरथरतो, म्हणून टायमर लावून ती हात मागे बांधून उभी राहायची. किशोरराव जेवणासाठी खालून हाक मारायचे, "अगं, आभाळात रोज काय नवीन निघायलंय?" उत्तर ऐकायला ते कधी वर आले नाहीत.

मुलगी केतकीचं लग्न रितेशशी ठरलं. मुहूर्त पुन्हा दुपारचा आणि हॉल वातानुकूलित, म्हणजे गुरुजी आता छताच्या झुंबराकडे बोट दाखवणार! अलकाच्या डोक्यात तिडीक गेली. तिने ठरवलं, माझ्या मुलीला अरुंधती खरोखर दाखवायची. तिचा फोटो मोठा करून मांडवात लावायचा आणि मगच तिने म्हणायचं, दिसली.

सप्तर्षींच्या शेपटीतल्या मधल्या ताऱ्याला म्हणतात वसिष्ठ. त्याला अगदी चिकटून एक अंधुक तारा असतो, ती अरुंधती. शहराच्या उजेडात अलकाच्या डोळ्यांना ती लागत नव्हती, पण कॅमेऱ्याला लागली. एप्रिलभर रोज संध्याकाळी तिने तोच एक तुकडा टिपला आणि ते सगळे फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक बसवले. कॅमेऱ्याच्या चुकीने उमटलेले ठिपके दर फोटोत जागा बदलतात, खरा तारा बदलत नाही. असं करत शेवटी काळ्याभोर आभाळात दोघं उरले, एक ठसठशीत आणि त्याच्या कुशीला एक बारीक.

केतकी पडद्याजवळ नाक नेऊन बघत राहिली. "मम्मी, ही खरंच आहे की! मी लग्नात फेकणार नाही हं. दिसली तरच दिसली म्हणेन."

अलकाचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत कोणी तिला इतकं गोड काही बोललं नव्हतं.

फाइल फ्रेमवाल्याकडे पोचवायचं काम किशोररावांनी आपण होऊन घेतलं. तिला त्याचंही कौतुक वाटलं, वेडी ती!

लग्नाच्या दिवशी अलकाने मांडवात फ्रेमवरचा कागद काढला. काळ्याभोर आभाळात एकटा वसिष्ठ होता. शेजारी नुसतं गुळगुळीत काळं.

तिने फ्रेमवाल्याला फोन लावला.

"मॅडम, साब खुद खड़े रहके बोले, बाजू का दाग निकाल देव. मैं निकाल दिया. कायकू, कुछ गलत हुआ क्या?"

किशोरराव नवा फेटा सांभाळत आले. "अगं, मोठ्या चांदणीला लागून ठिपका होता. लेन्सवरची धूळ असणार. लोक काय म्हणतील, मुलीच्या लग्नात डाग पडलेला फोटो लावला?"

"अहो, ती अरुंधती होती."

"कोणती?"

महिनाभर ती गच्चीवर काय शोधत होती, हे या माणसाला ठाऊकच नव्हतं. त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "एवढीशी तर होती," ते म्हणाले. "कोणाला कळणारे? आता ऐन वेळी तोंड पाडून बसू नको."

सप्तपदी झाली. गुरुजी हौसेने वधूवरांना फ्रेमसमोर घेऊन आले आणि माइकवर म्हणाले, "केतकीच्या आईंनी स्वतः काढलेला फोटो बरं का! हा वसिष्ठ, आणि ही शेजारी त्याची पतिव्रता. सूनबाई, दिसली का अरुंधती?"

केतकीने वाकून पाहिलं. बोट काचेवर ठेवून जिथे ती असायला हवी तिथे शोधलं. मग मान वळवून आईकडे पाहिलं. तिला कळलं होतं. अलका मनात म्हणत होती, नाही म्हण, पोरी. एकदा तरी कोणीतरी नाही म्हण.

रितेशची आई हसत घड्याळ बघत होती. बिर्याणीचा वास सुटला होता. मोबाइल वर करून सगळे थांबले होते.

"दिसली," केतकी म्हणाली.

टाळ्या पडल्या, अक्षता उडाल्या. किशोरराव अलकाच्या कानाशी वाकले. "बघ, कोणाला काही कळलं का? उगाच जिवाला लावून घेतलंस. आता झालं ना मनासारखं?"

"झालं," अलका म्हणाली.