पावसाळ्याच्या चार पावत्या

आमच्या खाडीवर तरीची होडी चालवणारे तांडेलचाचा, त्यांचे उपकार आधी लिहिते. बाबांच्या दाव्यात सरकारविरुद्ध साक्ष द्यायला सगळ्या गावातून ते एकटेच उभे राहिले.

बाबा सरकारी शाळेत मास्तर. पावसाळ्यात होड्या वर ओढून माडाच्या झापांखाली ठेवल्या की खाडी बंद, कचेरीचा शिपाई चार महिने फिरकत नसे. म्हणून तो आधीच येऊन चारही महिन्यांच्या पगाराच्या पावत्यांवर, त्या त्या महिन्याची तारीख घालून, सह्या घेऊन जायचा. पैसे मागाहून, दिवाळीच्या सुमारास, एकदम. आमच्याकडचे सगळेच मास्तर असं करत. त्या साली मात्र जुना कारकून बदलून गेला. नव्या कारकुनानं दप्तर उघडून दाखवलं, पगार पोचला, ही तुमची सही.

बाबांनी अलिबागेला दावा लावला. आई नव्हती, म्हणून तारखेला मीही बरोबर असायची. सरकारी वकिलांनी विचारलं, "मास्तर, सही तुमचीच?"

"माझीच."

"पैसे न घेता 'रोख मिळाले' म्हणून सही करता? मग पोरांना शिकवता तरी काय?"

लोक हसले. 

मग चाचा उभे राहिले. "साहेब, आषाढात माझी होडी झापांखाली होती. खाडीत दुसरी होडी न्हाय. शिपाई काय सुसरीवर बसून आला?"

लोक पुन्हा हसले. पण निकालात पावती ती पावतीच ठरली. दावा फेटाळला.

पुढच्या साली चाचांकडचा तरीचा मक्ता दुसऱ्याला गेला, त्यांची होडी किनाऱ्यावरच पडून राहिली. का, ते चाचांनी कधी बोलून दाखवलं नाही. बाबा मात्र एकच बोलत राहिले, "न मिळालेलं मिळालं, असं मी माझ्या हातानं लिहून दिलं." वकिलाच्या फीपायी चौथीतून माझं नाव काढलं. तीन वर्षांनी हुंडा न मागणारं स्थळ मिळालं, ते थेट कराचीचं.

बाबा गेल्याचं पत्र चाचांनीच कुणाकडून तरी लिहवून घेतलं. 'पोरी, मास्तरांना पोचवायला आम्ही सारे होतो, तू घोर लावून घेऊ नको.' त्यानंतर पत्र नाही. टपालवाला दिसला की शिवण टाकून दारात जाते.

शिवणाचे चार पैसे बाजूला टाकते आहे. चाचांची होडी अजून किनाऱ्यावरच पडून असेल, तर ती दुरुस्त करून पाण्यात उतरवायचा खर्च मी देईन. चाचा नसले, तर त्यांच्या मुलाच्या हातात देईन.