अळणीबाई आणि कुलपातलं मीठ

त्यांना खरं नाव होतं, पण ते पगाराच्या कागदापुरतं. बाकी सगळा दवाखाना त्यांना अळणीबाईच म्हणायचा. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात बाईंनी बावीस वर्षं बिनमिठाचं रांधलं. कोपऱ्यातली शेगडी त्यांची, तिच्यावरची दोन पातेली त्यांची, आणि त्या कोपऱ्यात मिठाची बरणी घेऊन फिरकायची कुणाची छाती नव्हती. रोग्याच्या पातेल्यातलं चाखायचं नाही, हा तिथला नियम. बाईंच्या तो असा अंगवळणी पडला, की घरच्या स्वयंपाकातही त्यांचा चमचा कधी तोंडाकडे गेला नाही. वासावरून सांगायच्या, रंगावरून सांगायच्या, आणि चुकायच्या नाहीत. रोगी कुरकुरायचे, ताटं भरलेली परत यायची. बाई म्हणायच्या, "जीव प्यारा असेल तर खातील." किती जणांना त्यांनी हे ऐकवलं असेल, गणती नाही. मग एक दिवस ते वाक्य त्यांच्याच घरी मुक्कामाला आलं.

नवरा कुलपांचा कारागीर. किल्ली हरवलेली माणसं रडकुंडीला येऊन त्यांच्या टपरीपुढे उभी राहायची आणि हसत घरी जायची. त्या माणसाचं हृदय थकलं. दहा दिवस दवाखान्यात काढून घरी आले ते मीठ बंद करूनच. डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळी वजन करायचं, एकदम वाढलं तर ताबडतोब आणायचं. "मीठ जातं तिथं पाणी जातंच, बाई. तुम्हाला मी काय शिकवणार?"

घरी आल्यावर कारागिरांनी जेवणच टाकलं. ताटाकडे असं बघत, जसं गंजून बसलेल्या कुलपाकडे बघावं.

"दोन घास तरी घ्या हो."

"कशाचे? चिखलाला तरी वास असतो."

"जीव प्यारा असेल तर खाल."

"जीव प्यारा आहे गं. पण जिभेला जीव नाही का?"

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला होता, मनगटाची हाडं दिसायला लागली होती. पोटात न गेल्यानं माणूस जातो, हे त्यांनी दवाखान्यात पाहिलं होतं. मिठानं जाण्यापेक्षा ते संथ, एवढंच.

लेक परगावी एका हॉटेलात स्वयंपाकी होती. ती फोनवर म्हणाली, "आई, साल्सा कर. टोमॅटो न शिजवता करतात ती परदेशी चटणी. आंबट आणि तिखट पुढं झालं की मीठ मागं राहतं."

बाईंनी घट्ट, लालबुंद टोमॅटो आणले. मधोमध कापून बिया आणि रस पिळून काढला, नुसता गर बारीक चिरला. कांदा चिरून गार पाण्यातून काढला, तसा त्याचा उग्रपणा गेला. दोन हिरव्या मिरच्या, लसणाची एक ठेचलेली पाकळी, मूठभर कोथिंबीर, वर अख्ख्या लिंबाचा रस. हातानंच वरखाली केलं आणि झाकून फ्रिजमध्ये अर्धा तास मुरायला ठेवलं.

"हा टोमॅटोच की," कारागीर म्हणाले. "नाव तेवढं सूट घालून आलंय." पण खाल्लं. पहिल्या दिवशी चार चमचे. तिसऱ्या दिवशी सगळी वाटी, आणि तिच्यासोबत जेवणही. बाईंना आकाश ठेंगणं झालं. सोबतच्या स्वयंपाकिणीला त्या म्हणाल्या, "बावीस वर्षांत एका रोग्यानं ताट चाटून पुसून दिलं. तोही घरचा!"

आठव्या सकाळी काटा दोन किलोनं पुढं गेला. पायाच्या घोट्याची खोबण भरून गेली होती.

काय चुकलं? बाईंनी पावाची पाकिटं उलटून बघितली. गोळ्या मोजल्या, बरोबर निघाल्या. मीठ तर बाईंच्या स्वतःच्या जेवणापुरतंच घरात होतं, तेही कपाटात, आणि कपाटाला कुलूप. शेवटी त्यांनी फ्रिज उघडून रात्रीचा साल्सा बाहेर काढला आणि हात थांबला. भांड्याच्या तळाशी बोटभर पाणी होतं.

रस पिळून टाकलेला टोमॅटो एवढं पाणी सोडत नाही. लिंबानं थोडं सुटतं, बोटभर नाही. टोमॅटोतून असं पाणी ओढणारी वस्तू स्वयंपाकघरात एकच, हे बाईंना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी चमचा भरला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी रोग्याच्या भांड्यातलं चाखलं. जीभ खारट झाली.

कारागीर दारात उभे होते.

"रोज वाटीत घालत होतो," ते म्हणाले. "काल म्हटलं, भांड्यातच घालावं."

"आणि कपाट?"

"अगं, त्या कुलपाला तार पण नको. केसातला आकडा पुरे." ते थोडं हसले, मग बाईंचा चेहरा बघून हसू गिळलं. "कुलूप लावून मीठ ठेवलंस कुणाच्या घरात?"

"मारायला निघालात का हो स्वतःला?"

"जेवायला निघालो होतो. तू एकदा तरी माझ्या वाटीतलं चाखलं असतंस, तर पहिल्याच दिवशी पकडलं असतंस मला."

बाईंनी भांडं मोरीत उपडं केलं.

दुपारपर्यंत दोघं दवाखान्यात पोचली. चपलेचा पट्टा लागेना, तेव्हा कारागीर अनवाणीच आले. डॉक्टरांनी पाय दाबून बघितला, छातीला नळी लावून ऐकलं. बाजूला बाईंच्या हाताखालच्या दोघी ताटं घेऊन उभ्या होत्या.

"पाणी काढायची गोळी पुरेना झालीये," डॉक्टर म्हणाले. "दुप्पट करू. बाकी पथ्याचं विचारायलाच नको, अळणीबाईंच्या हातचं आहे."

कारागिरांनी बाईंकडे बघून मान हळूच हलवली. नको, सांगू नकोस. बाईंनी त्या दोघींकडे पाहिलं. बावीस वर्षं ज्यांना चिमटीभर मिठासाठी फैलावर घेतलं, त्या त्यांच्याकडे कौतुकानं बघत होत्या. गोळी दुप्पट झाली असती तर बाईंचं नाव जसंच्या तसं राहिलं असतं.

"गोळी वाढवू नका," बाई म्हणाल्या. "आठ दिवस मीठ खाल्लंय त्यांनी. मी केलेल्या साल्सातून. मला कळलं नाही, कारण मी चाखलं नाही."

एकीच्या हातातला चमचा ताटावर वाजला. डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं, पुन्हा लिहिलं. "इथंच ठेवावं लागेल. किती दिवस, ते आत्ता सांगता येणार नाही."

सगळे गेल्यावर कारागिरांनी भिंतीकडे तोंड केलं.

"झालं समाधान? मला चोर केलंस, स्वतःलाही वेंधळी करून घेतलंस."

"हो."

"ताट आलं तर परत पाठवीन."

"पाठवा," बाई म्हणाल्या आणि स्टूल ओढून पलंगाशी बसल्या. "मी पुन्हा आणीन."

बाहेर ताटांची गाडी एकेका दारापाशी थांबत पुढं सरकत होती.