चंद्राक्काचे हात

कुवेतमधल्या मीना अब्दुल्ला या भागातल्या कामगार कॅम्पात कोकणातल्या मंडळींनी गणपतीच्या दिवसांत नाटक करायचं ठरवलं, तेव्हा अडलं होतं ते बाईपाशी. सगळे बॅचलर. बॅचलर म्हणजे ज्यांची बायको गावाला आहे ते; तिथे त्यांना बॅचलरच म्हणतात. स्टोअरकीपरने नाटक तर लिहून ठेवलेलं, नवरा परदेशी गेलेल्या चंद्राक्काचं, आणि चंद्राक्का व्हायला कुणी तयार नव्हतं. मग एसीच्या डक्टचा पत्रा कापणाऱ्या लवूने गुपचूप मिशी काढली आणि मेसमध्ये येऊन उभा राहिला. तिथून हे नाट्यमंडळ सुरू झालं. बाकीचा इतिहास अध्यक्ष दरवर्षी भाषणात सांगतात, तो लांबलचक आहे.

लवूची चंद्राक्का बघायला दुसऱ्या कॅम्पांतून माणसं बसने येत. शेवटच्या प्रवेशात नवरा परततो, दारात उभा राहतो, आणि चंद्राक्का जागची हलत नाही. हात पदराखाली, पदराचं टोक गळ्याशी धरलेलं, नुसती बघत राहते. इथे धिप्पाड वेल्डर मुसमुसून रडत. ते दोन वर्षांनी रजेवर गेले की त्यांच्या बायकाही दार उघडून अशाच उभ्या राहत असतील. लवूने हे काही फार विचार करून बसवलेलं नव्हतं. पत्र्याने चिरलेले हात दिसू नयेत म्हणून ते पदराखाली, कंठमणी दिसू नये म्हणून पदर गळ्याशी, आणि आवाज फुटू नये म्हणून बोलणं दबकं. ही युक्ती साबीर टेलरची. रत्नागिरीकडच्या या माणसाने त्याच्यासाठी मुद्दाम लांब बाह्यांचे ब्लाउज शिवले होते.

मग मंडळ वाढलं. फॅमिलीवाले आले, इंजिनिअर आले, मेस सुटली आणि शाळेचा हॉल मिळाला. शहरातल्या रिग्गई भागात कुणाच्या तरी प्रशस्त फ्लॅटमध्ये तालमी होऊ लागल्या, मध्येच बटाटेवडे येऊ लागले. लवूला दुसरी नाटकं मिळेनात, पण चंद्राक्का त्याचीच होती. यंदा मंडळाचा रौप्यमहोत्सव, त्यात तेच पहिलं नाटक करायचं ठरलं, आणि दिग्दर्शक राहुल, पुण्याचा हसतमुख इंजिनिअर, लवूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, आता आपल्याकडे खरी बाई आहे. समिधाला करू दे. तुम्ही फक्त तिला शिकवा."

खरी बाई! लवूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं ते रडणारे वेल्डर काय खोट्या बाईसाठी रडत होते? आणि ही समिधा कोण, तर कुवेतमध्ये जन्मलेली, बँकेत नोकरी करणारी, मराठी बोलताना मध्येच अडखळून इंग्रजीत शिरणारी पोर. तिचे हात तर बघवत नव्हते. लांब बोटं, गुलाबी नखं. लवू ते हात बघायचा आणि आपले खिशात घालायचा.

त्याने शिकवायचं कबूल केलं. मनात मात्र दुसरंच होतं.

"हात पदराखाली ठेव," तो तिला म्हणाला. "भायर काढूचे नाय. पदर गळ्याकडे धर. आणि आवाज खाली. अजून खाली."

"ओके काका," समिधा म्हणायची आणि तस्सं करायची. गोऱ्या गळ्याची, लांब बोटांची, गोड आवाजाची मुलगी गळा झाकून, हात लपवून, घोगरं बोलत वावरायला लागली. लवूला आतून उकळ्या फुटत होत्या. दिसू दे लोकांना लुगडं नेसलेला बाप्या, मग कळेल यांना खरी बाई कोण ते.

राहुलला एकदा शंका आली. "हात का लपवतेस गं सारखी?"

"लवूकाकांनी सांगितलंय."

"मग असू दे," राहुल म्हणाला. लवू वडा खात राहिला.

साबीरला मात्र फसवता येत नव्हतं. ब्लाउजचं माप घेताना त्याने समिधाला चालून दाखवायला सांगितलं, आणि ती गेल्यावर टेप गळ्यात टाकून तो लवूकडे वळला. "ते सगळं तुझ्यासाठी होतं लवू. तिला काय झाकायचंय? पोरीचं वाटोळं करतोयस."

"तू शिवणकाम बघ," लवू म्हणाला. तरीही साबीरने बाह्या आखूडच शिवल्या.

प्रयोगाच्या शुक्रवारी लवू विंगेत उभा राहिला. पुढे सोफ्यांवर पाहुणे, मागे कॅम्पांतली माणसं. पहिल्या अंकात सोफ्यांवर कुजबुज झाली तेव्हा त्याला बरं वाटलं. मग शेवटचा प्रवेश आला. नवरा दारात. समिधाने आखूड बाह्यांतले ते सुंदर हात पदराखाली ओढून घेतले, पदर गळ्याशी धरला आणि उभी राहिली. मागच्या रांगांतून कुणीतरी हुंदका दिला. मग दुसऱ्याने. मग सोफ्यांवरच्या बायकांनीही रुमाल काढले. पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात.

लवूने खड्डा खणला होता आणि पोरगी त्यावरून चालत गेली होती, त्याच्याच चालीने. आपले हात, आपला गळा, सगळं हिने नेलं. देणारेही आपणच!

तो मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला. तेवढ्यात जयराम धावत आला. जयराम त्याचा कॅम्पातला जुना सोबती. गावची लांब रजा संपवून याच आठवड्यात परतलेला, आणि ड्युटीवरून थेट आल्याने शेवटच्या अंकाला कसाबसा पोचलेला.

"मेल्या, इतक्यात रंग पुसलंस? आज हद्द केलंस तू! शेवटच्या रांगेतसून दिसत नाय बरोबर, पण हात पदराखाली घेतलंस आणि माका रडूच इला."

हो म्हणून टाकावं असं लवूला फार वाटलं.

"मी नव्हतंय रे," तो शेवटी म्हणाला. "तां चेडू, समिधा."

"माका फसवतंस? इतकी वर्सा बघतंय तुका. ते हात मी वळखूचंय नाय?" जयरामने त्याच्या पाठीत धपका घातला आणि बस सुटेल म्हणून पळत सुटला.

समिधा तोंडावरचा रंग तसाच ठेवून बाहेर आली होती. तिने शेवटचं ऐकलं असावं. "काका, एक विचारू? हात लपवायचे का, ते मला एंडपर्यंत कळलंच नाही."

लवूने खिशातून हात काढून तिच्यासमोर धरले. बोटांवर आडव्या चिरा, एक नख कायमचं काळं. समिधा बघत राहिली.

"ओह," ती हळूच म्हणाली. "म्हणजे मला लपवायची गरजच नव्हती. नेक्स्ट शोला मी हात बाहेर काढू?"

लवूला वाटलं, हिने हात बाहेर काढले की मागच्या रांगेतून जयरामला फक्त समिधा दिसेल.

"नको गो," तो घाईघाईने म्हणाला. "तशेच ठेव."