धुतलेली खडी

खडीच्या ठेकेदाराने मला फसवलं. उलव्यातलं आमचं घर रस्त्यापेक्षा खाली आहे. म्हणून गाडीच्या वाटेवर पाणी जिरू देणारे पेव्हर ब्लॉक घेतले आणि खाली भुकटी नसलेली, धुतलेली खडीच हवी असं त्याला बजावलं. क्रशरवर जाऊन ती तळहातावर चोळून मीच पसंत केली होती. काम झाल्यावर पाइप सोडला, तर पाणी सरळ वडिलांच्या खोलीकडे धावलं. मी एक ब्लॉक उचकटला. खडीच्या फटी भुकटीने गच्च भरलेल्या!

"शेठ, भुकटीशिवाय खडी बसते का? आम्ही सगळीकडे अशीच दाबतो," ठेकेदार म्हणाला.

"मग पाणी कुठून जाणार, तुझ्या डोक्यातून?"

तो हसला. वडील अंथरुणाला खिळलेले आहेत. पावसाळ्यात त्यांच्या पलंगाखाली पाणी आलं तर जबाबदार कोण, हे त्याने माझ्या दारात उभं राहून सांगावं.