तीसच्या स्पीडची रेस

लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडे मेमरी कार्ड भरायच्या आधी किस्से भरतात! आमच्या महाडच्या स्टुडिओत तर एकाच फिल्मचे एवढे साचलेत, की सांगताना चहा पुरत नाही.

झालं असं, की माझा पार्टनर संदेश याने एक जुनी परदेशी शॉर्टफिल्म बघितली. गाडीच्या नाकाला कॅमेरा, पहाटेचं शहर, आणि एकही कट न मारता गाडी सुसाट! गडी पेटला. "आपल्या महाडात करायची!"

त्याचे वडील, पोलादपूरचे तात्या, पोराच्या या कॅमेऱ्याच्या धंद्यावर आधीच तापलेले. "फिल्म झाली की हितं पोलादपूरच्या हॉलात लावणार ना? लोकांनी टाळ्या नाय वाजवल्या, तर कॅमेरे विकायचे आन् कंपनीत लागायचं!"

संदेशची झोपच उडाली.

*

ड्रायव्हर म्हणून घेतले बबनकाका, एसटीतून रिटायर झालेले. पहिला टेक झकास चालला होता. बाजाराच्या तोंडाशी एका मावशींनी हात केला आणि काकांनी करकचून ब्रेक मारला! मावशी आत बसून मोकळ्या. "पोलादपूर एक."

काका म्हणाले, "अरे, हात दिसला की पाय ब्रेकवर जातोच, मी काय करू?"

पुढच्या टेकला आम्ही नाक्यानाक्यावर एकेक मित्र उभा केला, लोकांचे हात खाली धरायला!

*

मग हवालदारांनी अडवलं. आम्ही गार!

"रस्ता मोकळा, आणि एवढं हळू? गाडीत आहे काय?"

कॅमेरा इतका खाली बांधला होता, की तीसच्या स्पीडलाही पडद्यावर गाडी उडताना दिसायची. हे त्यांना पटवता पटवता ऊन वर आलं.

*

एडिटिंग रूपालीकडे. तिने जन्मात लग्नाशिवाय काही एडिट केलेलं नाही. चवदार तळ्याच्या कोपऱ्यावर गाडी वळली आणि पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या, बाण मारलेली दोन हृदयं!

"अगो, हे काय?"

"वळण मोकळं मोकळं वाटत होतं रे!"

*

आवाजाची तर बोंबच. गाडी नुसती घरघरायची. शेवटी पाचाडच्या मामांची भातगिरणी रेकॉर्ड केली. रिकामी फिरली की टॉप गिअर, भात ओतलं की आवाज खाली! संदेश मोबाइलवर फिल्म बघत ओरडायचा, "वळण आलं, मामा, ओता!"

*

पोलादपूरचा हॉल गच्च. पहिल्या रांगेत तात्या, हाताची घडी घालून. उतारावर गाडी सुटली, गिरणी गरजली आणि मागून कोणीतरी किंचाळलं, "अरे, मेला मेला!"

फिल्म संपली. टाळ्या, शिट्ट्या, लोकांनी खुर्च्या बडवल्या! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. जिंकलो होतो आम्ही!

फक्त तात्या दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून बसलेले. संदेश भीत भीत जवळ गेला. "तात्या, कशी वाटली?"

तात्या उठले, मागे वळले आणि प्रोजेक्टरवाल्यावर ओरडले, "ए बाबा, परत लाव रे! माझे डोळे मिटले व्हते!"