कमी पाणी पिणारा कारखाना

कंपन्यांना पुढल्या वर्षी किती नफा होईल, याचे अंदाज मी मुंबईत बसून बांधतो. याला विश्लेषण म्हणतात. आम्ही टाय लावून बसतो, म्हणून आम्हाला कुणी कुडमुडे जोशी म्हणत नाही, एवढंच.

आम्ही मूळचे डोंगरातल्या कुडपण गावचे. थोरली बहीण बिरवाडीत दिलेली. ती तिथल्या कारखान्यातल्या कामगारांना खोल्या भाड्याने देते आणि त्यांच्या पाळीप्रमाणे डबे करून देते. नेमकी त्याच कारखान्याची कंपनी विश्लेषणासाठी माझ्याकडे होती.

त्या वर्षी कंपनीने गुळगुळीत कागदावर शाश्वतता अहवाल काढला. मुखपृष्ठावर हातमोजे घालून रोप लावणारे साहेब. आत लिहिलेलं, पाण्याचा वापर घटला, वीज घटली, सांडपाणी घटलं. आम्ही सगळे विश्लेषक हरखलो. पर्यावरण जपणारी कंपनी खर्चही जपते, असं एकाने लिहिलं आणि बाकीच्यांनी शब्द बदलून तेच खरडलं. मीही नफ्याचा अंदाज वाढवला. माल किती निघाला, हे त्याच अहवालात शेवटी बारीक अक्षरांत होतं. तिथवर जायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

त्याच सुमारास ताईने फोनवर विचारलं, वर मजला चढवू का? तिसऱ्या पाळीचे डबे बंद झाले होते, दोन खोल्या रिकाम्या होत्या, म्हणून तिचं मन कचरत होतं. मी तिला अहवाल वाचून दाखवला आणि खुशाल बांध म्हणालो. तिने दोन्ही दुभत्या म्हशी विकल्या.

गिलावा वाळायच्या आत निम्मा कारखाना बंद झाल्याचं जाहीर झालं. पाणी कमी लागत होतं, कारण यंत्रंच बंद होती. हे कळायला पदवी लागत नाही, मला मात्र पदवीच आड आली. आमच्या ऑफिसात कुणाचं काही बिघडलं नाही. सगळ्यांचेच अंदाज चुकले म्हणजे कुणाचाच चुकला नाही, असं वरिष्ठांनी ठरवलं आणि चहा मागवला. तो चहा मीही प्यालो, याची अजून किळस येते.

पुढच्या सुट्टीत बिरवाडीला गेलो. वरच्या सगळ्या खोल्यांना बाहेरून कड्या होत्या. ताईने जेवायला वाढलं. मला माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं, कंपनीने फसवलं बघ आपल्याला.

ताईचा वाढता हात थांबला.

"चुलीपुढं बसून मला सगळं दिसत होतं रे. तू शिकलेला हायस, म्हणून मी माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवला नाय. कंपनीला मी कुठं विचारलं होतं? तुला विचारलं."