डाव्या हाताचं जेवण

आम्ही उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात राहायचो आणि मी अंबरनाथच्या एका कारखान्यात डब्यांची झाकणं कापणाऱ्या प्रेसवर कामाला होते. दोन हजार सालानंतरची सुरुवातीची वर्षं ती. एका दुपारी वाकडं बसलेलं झाकण सरळ करायला हात आत गेला आणि प्रेस खाली आली. उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला.

दुखणं हळूहळू कमी झालं. जड गेलं ते जेवण. लहानपणी डाव्या हातानं घास उचलला की आई त्या हातावर फटका द्यायची. तो हात कशासाठी असतो ते आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. त्यामुळे नवरा सकाळी कामावर जाण्याआधी आणि रात्री आल्यावर मला भरवायचा. दुपारी मी उपाशी. शेजारची सिंधी भाभी वेणी घालून द्यायची आणि जेवलीस का म्हणून विचारायची. मी हो म्हणायचे.

आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं भेटायला यायची. यात प्रभूची काहीतरी योजना असेल, असं बहुतेक जण म्हणायचे. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, पण मला राग यायचा. चार बोटं घेऊन कसली योजना, असं मी रोज प्रार्थनेत विचारायचे.

दोनेक महिन्यांनी प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या रविवारी मी चर्चमध्ये गेले. सगळ्यांबरोबर पुढे जाऊन गुडघे टेकले. उजवा हात पदराखाली होता, आणि डावा काही केल्या पुढे करवेना. आमचे म्हातारे पाळकसाहेब भाकरीची थाळी घेऊन एकेकाकडे येत होते. ते समोर आले, वाकले, माझ्या मांडीवरचा डावा हात उचलून त्यांनी तळवा उघडला, त्यावर भाकरीचा तुकडा ठेवला आणि पुढच्या बाईकडे गेले. थांबले नाहीत, कीव केली नाही. जसं काही मी नेहमी तोच हात पुढे करत आले होते.

त्या दुपारी मी ताट घेऊन बसले आणि डाव्या हातानं जेवले. वरण कोपरापर्यंत ओघळलं. नवरा क्षणभर बघत राहिला, मग आपलं जेवू लागला. पोट भरल्यावर मी खूप रडले, पण ते रडणं वेगळं होतं.

वर्षभरानं पाळकीणबाई घरी आल्या. त्यांच्या ओळखीच्या नर्सनं सांगितलं होतं की जांभूळ गावातल्या एका शेतकऱ्याच्या मुलाचा उजवा हात बदलापूरच्या कंपनीत मनगटापासून गेला. माणूस तिशीच्या आतला. घरी आल्यापासून नीट जेवत नव्हता, कुणाशी बोलत नव्हता. मी जाईन का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मला उपदेश करता येत नाही.

"उपदेश नको गं," त्या म्हणाल्या. "नुसती जेवून ये."

मी बदलापूरहून रिक्षा करून गेले. त्याच्या आईनं दारातच माझा हात पाहिला आणि काही न विचारता आत घेतलं. मुलगा भिंतीकडे तोंड करून पडला होता. आई हळू आवाजात सांगत होती की बाय, मी भरवते तर दोन घास घेतो आणि तोंड फिरवतो. मी तिला म्हटलं, मावशी, मला भूक लागली आहे, आम्हा दोघांना वाढा.

तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण होतं. तो उठून बसला तो पाहुणीला वाईट वाटू नये म्हणून. मी कालवणाची वाटी भाकरीवर ठेवली. अशी वाटी ठेवली की भाकरी सरकत नाही आणि एका हातानं तुकडा मोडता येतो. तुकडा बुडवून मी डाव्या हातानं तोंडात घातला. मायलेक दोघंही बघत होती.

"ताई, या हातानं?" तो म्हणाला. त्यानं आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "देवाला चालतं?"

"तुझ्या देवाचं मला ठाऊक नाही," मी म्हटलं. "माझ्या देवाची भाकर मी याच हातात घेते."

मग मी त्याला पाळकसाहेबांचं सांगितलं. नवऱ्याच्या हातचं जेवताना किती लाज वाटायची, दुपारी भूक लागली तरी खोटं कसं बोलायचे, तेही सांगितलं. ते मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यानं ऐकलं, आणि आपली वाटी उचलून भाकरीवर ठेवली. पहिला तुकडा मांडीवर पडला. दुसरा तोंडात गेला. त्याची आई लगबगीनं चुलीकडे गेली आणि तिथेच पाठमोरी उभी राहिली.

परत येताना मला इतकं हलकं वाटत होतं, की रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं तेव्हा कुठे उतरायचं आहे ते सुचलं. माझी बोटं यासाठीच गेली असं मी तेव्हाही म्हणाले नाही, आजही म्हणत नाही. पण त्यांच्या जाण्याचा कुणाला तरी उपयोग झाला होता, आणि देवाशी चाललेलं माझं भांडण त्या दिवसापासून मिटलं.

पुढे आणखी काही घरी गेले. सगळीकडे जमलं असं नाही. एका बाईनं मला उंबऱ्यातूनच परत पाठवलं. जांभूळचा तो मात्र डाव्या हातानं लिहायला शिकला आणि गावाजवळच्या पाण्याच्या केंद्रावर पंपाचं रीडिंग लिहायच्या कामाला लागला.

मग मोरिवलीतल्या एका कामगाराचा उजवा पंजा चिरडल्याचं कळलं, तेव्हा मी जांभूळच्या त्या मुलाला बरोबर येतोस का विचारलं. तो रजा टाकून आला. त्या घरी पोचल्यावर म्हणाला, ताई, तुम्ही बाहेर बसा, आधी मी बोलतो. मी अंगणात त्या कामगाराच्या बायकोशी गप्पा मारत चहा प्याले. अर्ध्या तासानं आतून ताट मागवल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं दोघांचं हसणं. मला आत जावंच लागलं नाही.